दारातली फरशी बदलताय? आधी दार मोजा

जरा उठा आणि तुमच्या घराच्या मुख्य दारापाशी जाऊन या. चपलांच्या स्टँडजवळ, दाराच्या अगदी आत, खाली काय आहे ते नीट बघा. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने चिकटवलेली विनाइलची शीट असेल, तर तिचा एखादा कोपरा नक्कीच वर आलेला दिसेल. त्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावलेली असेल. चिकटपट्टीवर धूळ बसून ती काळी पडली असेल. आणि घरातले सगळे त्या कोपऱ्याला टाळून चालायला इतके सरावले असतील की आता तो कुणाला दिसतही नसेल.

आमच्या बडोद्याच्या घरातही तसंच होतं. लाकडासारख्या डिझाइनची ती शीट मी शाळेत असताना बसवली होती. जुन्या मोझेकच्या फरशीवरचे डाग झाकायचे होते, फोडाफोडी नको होती आणि एका दुपारीत काम होणार होतं. तेव्हा तो निर्णय बरोबरच होता. पण मागच्या पावसाळ्यात आजी देवळातून परत आली, ओली चप्पल काढली आणि तिच्या पायाचा अंगठा त्या वर आलेल्या कोपऱ्यात अडकला. मनगट सुजलं, हाड मोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

मनगट तीन आठवड्यांत बरं झालं. पण आजीने एकटीने दाराशी जाणं सोडलं. बेल वाजली की ती खुर्चीतूनच हाक मारायची, “अगं, बघ कोण आहे.” संध्याकाळी खाली बाकावर बसायला जाणंही थांबलं. तेव्हा बाबा म्हणाले, “ही शीट आता काढायचीच.”

काम होतं जेमतेम २७ चौरस फुटांचं. पण या एवढ्याशा कामाने आम्हाला जे शिकवलं, ते तुम्हाला आधीच माहीत असलं तर तुमचा एक दिवस आणि एक रात्र नक्की वाचेल.

विनाइल वाईट नाही, पण दारात टिकत नाही

विनाइल म्हणजे पीव्हीसीचा पातळ थर, साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीचा. पायाला तो गार लागत नाही, भांडं पडलं तर आवाज कमी होतो, खर्चही कमी. भाड्याच्या घरासाठी किंवा मुलांच्या खोलीसाठी तो आजही चांगला पर्याय आहे.

दारातली गोष्ट वेगळी असते. तिथे ओल्या छत्र्या, चिखलाचे बूट आणि बाहेरची बारीक वाळू येते. ही वाळू पायाखाली घासून वरचं डिझाइन पुसून टाकते. पाणी कडेतून खाली शिरतं आणि प्लॅस्टिकच्या खाली अडकून बसतं, कारण त्याला वर यायला वाटच नसते. मग गोंद सुटतो, कडा वळतात आणि एक कुबट वास येऊ लागतो. आम्ही शीट उचलली तेव्हा खाली काळपट बुरशीचा नकाशाच दिसला. चपलांच्या स्टँडला वास येतो म्हणून आई वर्षभर बुटांना दोष देत होती!

दारातल्या जागेला सिरॅमिक टाइल मानवते ती याच कारणांसाठी. पाण्याने ती फुगत नाही, वाळूने लवकर झिजत नाही आणि ओल्या फडक्याने साफ होते. तिच्या उणिवाही माहीत असू द्या. ती कडक असते, हिवाळ्यात गार लागते आणि जड वस्तू पडली तर टवका उडू शकतो. शिवाय चुकीची निवडली तर ती विनाइलपेक्षाही जास्त घसरते.

दुकानात काय विचाराल?

आपल्या देशात बनणाऱ्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीहून येतात. त्यामुळे तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा किंवा दिल्लीत, दुकानात साधारण सारखाच माल दिसेल. डिझाइनच्या आधी या चार गोष्टी बघा.

पहिली, टाइल फरशीची आहे की भिंतीची? भिंतीची टाइल दिसायला सुंदर आणि स्वस्त असते, पण ती जास्त पाणी शोषते आणि वजन पेलत नाही. टाइल्ससाठी आयएस १५६२२ हे भारतीय मानक आहे. त्यात पाणी किती शोषलं जातं त्यावरून गट पाडलेले आहेत. भिंतीच्या टाइल्समध्ये हे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या वर असतं, फरशीच्या सिरॅमिक टाइल्समध्ये बहुधा ३ ते ६ टक्के आणि व्हिट्रिफाइडमध्ये अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. खोक्यावर हा गट छापलेला असतो, तो दाखवायला सांगा.

दुसरी, ती घसरते का? चकचकीत टाइल दारात नकोच. मॅट किंवा अँटी-स्किड मागा. अनेक कंपन्या आर ९ ते आर १३ असे आकडे देतात. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. घराच्या दारात आर १० किंवा आर ११ पुरेसा असतो. आकडा दिलेला नसेल तर दुकानदाराकडून वाटीभर पाणी मागा, नमुन्याच्या टाइलवर ओता आणि आपली चप्पल त्यावर दाबून सरकवून बघा. दुकानातले लोक हसले तर हसू द्या.

तिसरी, ती किती झिजते? ग्लेझच्या टाइलवर पीईआय नावाचा १ ते ५ असा क्रम असतो. दारात वाळू येते, म्हणून ३ किंवा ४ घ्या.

चौथी, सगळी खोकी एकाच बॅचची आहेत का? शेड नंबर आणि बॅच नंबर प्रत्येक खोक्यावर जुळवून बघा. एकच डिझाइन असूनही दोन बॅचमध्ये रंगाची छटा वेगळी येते. बसवल्यावर ते लक्षात आलं तर काहीच करता येत नाही.

आमच्याकडे पाचवा प्रश्न आजीने काढला. खरखरीत टाइलचा नमुना घरी आणला तर ती म्हणाली, “यावर रांगोळी काढली तर पुसायची कशी? सगळी पूड खड्ड्यात जाऊन बसेल.” तिचं म्हणणं बरोबर होतं. टाइल जितकी खरबरीत, तितकी रांगोळी आणि कुंकू तिच्यात अडकतं. मग आम्ही मध्यम पोताची मॅट टाइल घेतली. रांगोळीसाठी दाराबाहेर, पाऊल पडणार नाही अशा कडेला, दगडाची गुळगुळीत पट्टी तशीच ठेवली. तुमच्याही घरात दाराशी रोज दिवा किंवा रांगोळी असेल, तर हा विचार दुकानात जायच्या आधी करा.

किती टाइल्स लागतील?

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, म्हणून आमचंच उदाहरण घेऊ. जागा साडेचार फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे २७ चौरस फूट. टाइल ३०० बाय ३०० मिलिमीटरची, जिला बाजारात एक बाय एक म्हणतात. क्षेत्रफळाने भागलं तर २८ टाइल्स येतात.

आता प्रत्यक्ष मांडून बघा. दोन टाइल्समध्ये ३ मिलिमीटरची फट धरली तर लांबीत सहा टाइल्स बसतात. रुंदीत चार अख्ख्या बसतात आणि साधारण १६ सेंटिमीटर जागा उरते. हा तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा किंचित मोठा आहे, म्हणजे एका टाइलमधून दोन तुकडे निघत नाहीत. म्हणून तिथे सहा टाइल्स कापाव्या लागतात. चोवीस अधिक सहा, झाल्या ३०. कापताना एखादी फुटणार. पुढे कधी बदलायची वेळ आली तर तीन-चार शिल्लकही हव्यात. आम्ही ३५ घेतल्या.

म्हणून नुसतं क्षेत्रफळ मोजून ऑर्डर देऊ नका. कागदावर चौकोन आखा, किंवा त्याहून सोपं म्हणजे वर्तमानपत्राचे टाइलच्या मापाचे चौकोन कापून जमिनीवर मांडा. हे काम मुलांना द्या, त्यांना आवडतं.

सगळ्यात महत्त्वाचं: दार मोजा

आता आमची चूक सांगते. सिरॅमिक टाइलची जाडी साधारण ७ ते १० मिलिमीटर. तिच्याखाली चिकटवणाऱ्या अ‍ॅडेसिव्हचा थर ३ ते ६ मिलिमीटर. त्यातून काढलेल्या विनाइलचे दोन मिलिमीटर वजा करा. म्हणजे जमीन जवळपास ८ ते १४ मिलिमीटरने वर येणार. आत उघडणाऱ्या दाराच्या खाली मात्र बहुधा पाच-सहा मिलिमीटरचीच फट असते.

हे आम्हाला कुणाला सुचलं नाही, आणि मिस्त्रींनीही विचारलं नाही. सकाळी बिजागरीतून दार काढलं, भिंतीला टेकवून ठेवलं, दिवसभर सुंदर काम झालं. संध्याकाळी सात वाजता दार परत लावायला गेले तर ते नव्या टाइलवर चढून बसलं. उघडताही येईना, लावताही येईना. सुतार दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर होतं म्हणून निभावलं. बाबांनी हॉलमध्ये गादी टाकली आणि रात्रभर एक डोळा उघडा ठेवून झोपले.

तुम्ही असं करू नका. काम सुरू होण्याच्या आधी टाइलचा एक तुकडा आणि त्याखाली पाच-सहा मिलिमीटरचा पुठ्ठ्याचा थर दाराजवळ ठेवा आणि दार त्यावरून फिरवून बघा. अडत असेल तर सुताराला त्याच दिवसासाठी सांगून ठेवा. कितीही घाई झाली तरी दार गरजेपेक्षा जास्त कापू देऊ नका. कापलेल्या खालच्या कडेला लगेच रंग किंवा पॉलिश लावून घ्या, नाहीतर फरशी पुसताना पाणी लागून ती फुगेल. दार पोकळ फ्लशचं असेल तर किती कापता येईल हे आधी सुताराला विचारा. दार लोखंडी असेल तर कापणं अवघड जातं. तेव्हा जुनी फरशी खोदून पातळी खाली घेणं हाच मार्ग उरतो.

हॉलच्या बाजूलाही हाच प्रश्न येतो. दारातली जमीन वर आली आणि हॉलची जुनीच राहिली, तर मध्ये सेंटिमीटरभर पायरी तयार होते. ठेच लागायला एवढी पुरते. वयस्कर माणसं पाय थोडे घासत चालतात, त्यांना तर ती दिसतही नाही. म्हणजे कोपरा काढला आणि पायरी बसवली, असं व्हायचं. यावर उपाय म्हणजे उताराची पट्टी. चालणं सोपं जाण्यासाठी उतार एकास बारा असावा, म्हणजे १२ मिलिमीटरच्या चढाला साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. दुकानात अशा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या मिळतात, किंवा मिस्त्री दगडाची पट्टी तासून बसवतात. तिचा रंग फरशीपेक्षा वेगळा घ्या, म्हणजे पातळी बदलते आहे हे नजरेला कळतं.

शीट काढताना घाई नको

विनाइलवरच टाइल बसवली तर? दुकानात कुणीतरी हा सल्ला नक्की देईल. ऐकू नका. विनाइल दाबाखाली थोडं दबतं आणि टाइल अजिबात वाकत नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर सिमेंटचं अ‍ॅडेसिव्ह नीट धरत नाही. काही महिन्यांत टाइल सुटते किंवा तडकते.

शीट काढायला सोपी असते. धारदार कटरने फूटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, कोपऱ्यापासून वर ओढायचं आणि रुंद पात्याच्या स्क्रेपरने उरलेला गोंद खरवडायचा. गोंद हट्टी असेल तर कोमट पाण्याचं फडकं पंधरा-वीस मिनिटं त्यावर ठेवा. पेट्रोल किंवा थिनर ओतून गोंद काढायचा प्रयत्न बंद घरात कधीच करू नका. एक ठिणगी पुरते, आणि देवघरातला दिवा बहुधा जवळच असतो.

इथे एक गंभीर गोष्ट. तुमची इमारत जुनी असेल आणि फरशी शीटची नसून कडक, लहान चौकोनी विनाइल टाइल्सची असेल, त्यातही साधारण १९९० च्या आधीची, तर सावध राहा. त्या काळच्या अशा टाइल्समध्ये आणि त्याखालच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ श्वासातून आत गेली तर फुप्फुसांचे गंभीर आजार होतात, कर्करोगही होतो. अशी फरशी फोडू नका, तिच्यावर ग्राइंडर किंवा सँडपेपर चालवू नका, झाडूही मारू नका. प्रयोगशाळेत नमुना तपासून मगच जाणकाराकडून काम करून घ्या. मिस्त्री म्हणेल “काही होत नाही, आम्ही रोज करतो”, तरी ऐकू नका. ती धूळ त्याच्याच छातीत आधी जाणार आहे.

काढलेली शीट जाळू नका. पीव्हीसी जळताना विषारी वायू निघतात. ती गुंडाळून कोरड्या कचऱ्यात द्या. सिमेंटचा राडारोडा मात्र वेगळ्या गोणीत भरा आणि तो कुठे टाकायचा ते सोसायटीत किंवा पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा.

खालची जमीन काय म्हणते?

शीट निघाली की लगेच टाइल लावायची घाई होते. एक दिवस थांबा. आधी पातळी बघा. मिस्त्रीकडची सरळ लांब पट्टी जमिनीवर आडवी-उभी-तिरकी ठेवा. तिच्याखाली कुठे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा आधी भरून घ्यावी लागते. मग नाण्याने किंवा किल्लीने जुनी फरशी ठोकत जा. पोकळ आवाज आला तर तो तुकडा सुटलेला आहे. तो काढून सिमेंटने भरा. सुटलेल्या फरशीवर बसवलेली नवी टाइलही सुटणारच.

नंतर ओल तपासा. फूटभर प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. आतून दव साचलं तर जमिनीत ओल आहे. तळमजल्यावरच्या घरांनी ही तपासणी चुकवू नये. ओल असेल तर आधी तिचं कारण शोधा.

जुनी मोझेक गुळगुळीत असते, तिच्यावर अ‍ॅडेसिव्हची पकड कमी बसते. म्हणून मिस्त्री छन्नीने तिच्यावर जवळजवळ टाचे मारून ती खरबरीत करतात. याचा आवाज आणि धूळ दोन्ही फार. सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगणं, हे सगळं यासाठीच. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल तर त्यांच्या झोपेची वेळही विचारून घ्या. हॉल आणि दारातल्या जागेमध्ये जुनी चादर ओली करून टांगा, धूळ बरीच अडते.

एकच दार आहे, मग जायचं कुठून?

नवी टाइल बसवल्यावर तिच्यावर किमान २४ तास पाय ठेवायचा नसतो. पण फ्लॅटला दार एकच! दूध, डबा, शाळा, ऑफिस, औषधं, सगळं तिथूनच. दुसऱ्या खोलीत फरशी बदलताना हा प्रश्न येत नाही, दारात मात्र पहिल्या तासापासून येतो.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, काम दोन भागांत करा. आज डावीकडची अर्धी, परवा उजवीकडची. आम्ही हाच निवडला. दोन दिवस सगळे एका बाजूने अंग चोरून जात होते. दुसरा, लवकर घट्ट होणारं अ‍ॅडेसिव्ह मागा. ते महाग असतं आणि मिस्त्रीचा हात वेगात चालावा लागतो. तिसरा, शनिवार-रविवार नातेवाइकांकडे राहायला जा. घरात आजारी माणूस किंवा अगदी वयस्कर कुणी असेल तर मला तिसरा मार्ग सर्वांत बरा वाटतो. रात्री डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर ओल्या टाइल्सचा विचार कोण करणार?

टाइल बसवताना जवळ उभं राहा

आमच्याकडे कडिया म्हणतात, तुमच्याकडे मिस्त्री, गवंडी किंवा मेस्त्री म्हणत असतील. नाव कुठलंही असो, चांगल्या कारागिराला प्रश्न विचारलेले आवडतात. या गोष्टींवर लक्ष ठेवा.

अ‍ॅडेसिव्ह: टाइलच्या अ‍ॅडेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे मानक आहे आणि त्यात वेगवेगळे प्रकार आहेत. जुन्या टाइलवर किंवा मोझेकवर लावायचं असेल तर तसं पिशवीवर लिहिलेलं आहे का ते वाचा. एवढ्या लहान जागेला २० किलोची एक पिशवी सहसा पुरते.

पाणी: जुन्या पद्धतीत सिमेंटच्या मालावर टाइल बसवायच्या आधी ती पाण्यात भिजवत. अ‍ॅडेसिव्ह वापरताना भिजवायची नसते. मिश्रण कालवून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, पुन्हा हलवायचं आणि मग वापरायचं. घट्ट व्हायला लागलं म्हणून वरून पाणी घालायचं नाही, तेवढं टाकून द्यायचं.

खाचांची थापी: अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे सारखं पसरायला हवं. टाइलच्या मधोमध आणि चार कोपऱ्यांना लाडवासारखे गोळे ठेवून दाबून टाकणं ही चुकीची सवय आहे. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते आणि नेमकी तिथेच पुढे टाइल फुटते. पहिल्या दोन-तीन टाइल्सपैकी एक लगेच उचलून दाखवायला सांगा. मागची बाजू पूर्ण माखलेली दिसली पाहिजे.

सुरुवात कुठून: दारातून आत येताना जिथे नजर पडते, तिथे अख्खी टाइल हवी. कापलेले तुकडे चपलांच्या स्टँडच्या बाजूला किंवा भिंतीकडे जाऊ द्या. गुण्या लावून कोन तपासा. जुन्या घरांच्या भिंती काटकोनात असतातच असं नाही.

फटी: दोन टाइल्समध्ये प्लॅस्टिकचे स्पेसर लावून २ ते ३ मिलिमीटर फट ठेवा. ‘फट नको, चिकटवूनच लावा’ असा आग्रह धरू नका. उन्हाळ्यात टाइल थोडी प्रसरण पावते, तिला जागा हवी. भिंतीलगतही पाचेक मिलिमीटर मोकळं ठेवा, ते स्कर्टिंगखाली झाकलं जातं.

ग्राउट: २४ तासांनी फटी भरतात. साधं सिमेंटचं ग्राउट स्वस्त पडतं, पण तेलाचा, कुंकवाचा डाग धरतं. एपॉक्सी ग्राउट महाग, पण डाग धरत नाही. ते वाळायच्या आत टाइलवरून पुसावं लागतं, म्हणून ज्याने आधी वापरलंय त्याच्याकडूनच करून घ्या. रंग पांढरा नको. राखाडी किंवा मातकट रंग दारात शहाणपणाचा.

पैशांचं बोलणं आधीच

मोठ्या कामाला मिस्त्री चौरस फुटावर दर लावतात. एवढ्या लहान कामाला मात्र बहुतेक जण दिवसाची मजुरी मागतात, आणि ते रास्त आहे. बोलणी करताना जुनी शीट काढणं, टाचे मारणं, पातळी भरणं, स्कर्टिंग, ग्राउट, राडारोडा खाली नेणं आणि दार काढून परत लावणं, यातलं काय-काय दरात आहे ते कागदावर लिहून घ्या. मुळात दहा मिनिटांचं लिहिणं असतं, पण शेवटच्या दिवसाचा वाद त्याने टळतो. पूर्ण पैसे नाण्याने ठोकून पाहिल्यावरच द्या. टाइल्स वाळल्यावर एकेक ठोका, सगळीकडून भरीव आवाज आला पाहिजे.

नंतरची काळजी

पहिला आठवडा चपलांचं जड कपाट नव्या टाइलवर ओढू नका, उचलून ठेवा. अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण फरशीवर कधीच नको, ते सिमेंटचं ग्राउट खातं. साधा सौम्य साबण आणि पाणी पुरतं. दाराबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं आणि आत मागून रबर असलेलं पातळ पायपुसणं ठेवा. वाळू बाहेरच राहते आणि पायपुसणं सरकत नाही. सरकणारं पायपुसणं चांगल्यातल्या चांगल्या अँटी-स्किड टाइलचा उपयोग घालवतं.

आणि काम काढलंच आहे तर दोन गोष्टी सोबत करून टाका. दाराजवळ भिंतीला एक पक्का हँडल बसवा आणि चप्पल घालायला बसता येईल असं एक स्टूल ठेवा. आमच्या मिस्त्रींनी जाता-जाता हँडलसाठी भिंतीला भोकं पाडून दिली. आजीला म्हणाले, “आजी, आता हे धरा आणि बिनधास्त चाला.” आजी म्हणाली, “धरीन, पण आधी तुम्ही चालून दाखवा, ओल्या पायांनी.” ते खरंच ओले पाय करून तीन फेऱ्या चालले.

तरीही पहिले काही दिवस आजी खुर्चीतूनच हाक मारत राहिली. पडल्याची भीती काही फरशीबरोबर लगेच निघून जात नाही. आईने आग्रह केला नाही, फक्त दुधाची पिशवी यायच्या वेळेला स्वयंपाकघरात मुद्दाम जास्त कामात राहू लागली. चौथ्या की पाचव्या दिवशी बेल वाजली आणि मी उठेपर्यंत दार उघडल्याचा आवाज आला. आजी एका हाताने हँडल धरून दूधवाल्याला विचारत होती, “का रे, आज उशीर?”

मग ती स्टुलावर बसली, नव्या फरशीकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “रंग जरा उजळ घ्यायला हवा होता.”